प्रतिबंधित सॉफ्टवेअर आणि इशाऱ्याची भाषा

लाल चौकटीतील इशारा आपणा डॉक्टरांना नवा नाही. २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधील औषधांच्या वेष्टनावर तो असतो. विक्रेत्याला रुग्णाचे व चिकित्सकाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती ३ वर्षे जपावी लागते. संगणकावर सॉफ्टवेअर बसवतानाही अशीच दक्षता हवी, हे मात्र आपल्या ध्यानी सहसा येत नाही.

लिनक्समध्ये औषधविक्रेत्याचे काम ‘पॅकेज मॅनेजर’ करतो. एक आज्ञा दिली की तो भांडारातून हवे ते सॉफ्टवेअर, पूरक भागांसह, आणून बसवतो. डेबियन या प्रणालीत भांडाराचे विभाग आहेत. ‘मेन’मध्ये मुक्त सॉफ्टवेअर, ‘नॉन-फ्री’मध्ये परवान्याची बंधने असलेले, तर ‘कॉन्ट्रिब’मध्ये स्वतः मुक्त, परंतु बंधनयुक्तावर विसंबणारे. येथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. वापरण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य होय.

बंधनांचेही प्रकार असतात. ‘अनरार’ हा प्रोग्रॅम ‘नॉन-फ्री’मध्ये आहे, कारण त्याच्या संहितेवरून रार पद्धतीची संकोचन-प्रक्रिया पुन्हा घडविण्यास मनाई आहे. केवळ फाइल उघडणाऱ्या डॉक्टरला त्याची झळ लागत नाही. उलट ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असा परवाना असेल, तर घरी चालणारे सॉफ्टवेअर दवाखान्यात वापरणे नियमबाह्य ठरू शकते. दोन्हींवर एकच शिक्का मारून हा भेद कसा कळावा?

शिवाय एकदा ‘नॉन-फ्री’ विभाग खुला केला की डेबियनचा ‘ऍप्ट’ प्रत्येक पॅकेजच्या वेळी सहसा पुन्हा सावध करीत नाही. याउलट ‘निक्स’ हा व्यवस्थापक असे पॅकेज प्रथम नाकारतो, कारण सांगतो आणि परवानगी कशी द्यावी तेही दाखवतो. अँड्रॉइडसाठीचे ‘एफ-ड्रॉइड’ भांडार पाळत ठेवणे, बंधनयुक्त घटकांवर अवलंबून असणे, असे दोष ऍपच्या वर्णनातच नोंदवते.

म्हणून माझ्या मते उत्तम इशाऱ्याची लक्षणे चार. तो बसविण्यापूर्वी यावा. नेमके बंधन साध्या भाषेत सांगावे. मुक्त पर्याय असल्यास सुचवावा. आणि अंतिम निर्णय वापरणाऱ्यावर सोपवून त्याची नोंद ठेवावी. मात्र तो ऊठसूट वाजू नये. नवजात अतिदक्षता कक्षातील मॉनिटर विनाकारण वारंवार वाजू लागला की परिचारिकेचा कान त्याला सरावतो, आणि खरी घंटा दुर्लक्षिली जाते. प्रत्येक वेळी ‘होय’ दाबायला लावणाऱ्या खिडकीचेही तसेच होते.

बालकाच्या आईला आपण नुसते ‘हे औषध देऊ नका’ म्हणत नाही. का नको व त्याऐवजी काय, हेही सांगतो. संगणकाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. तोवर दवाखान्यात नवे सॉफ्टवेअर घेताना परवान्यातील ‘व्यावसायिक वापर’ हे कलम स्वतः वाचावे, ही सर्व व्यवसायबंधूंना विनंती.