आदर्श वजनाचें गणित

उंचीवरून ‘आदर्श’ वजन काढण्याचीं सूत्रें हल्लीं घरोघर पोंचलीं आहेत. त्यांतील एक प्रसिद्ध सूत्र डॉ. डिव्हाइन यांनीं १९७४ सालीं मांडलें. पांच फुटांच्या पुरुषास ५० किलो व स्त्रीस ४५.५ किलो धरून पुढील प्रत्येक इंचास २.३ किलो मिळवावयाचे. या हिशेबानें पांच फूट पांच इंच उंचीच्या पुरुषाचें वजन ६१.५ किलो येतें.

परंतु हें सूत्र निघालें तें औषधाची मात्रा ठरविण्याकरितां, आणि त्या कामीं तें आजही उपयोगी पडतें. वय, स्नायु व मेद यांचा त्यांत विचार नाहीं. पांच फुटांखालील उंचीविषयीं तर तें मूळचेंच मौन धरितें. आणि आपल्याकडील कितीएक स्त्रिया त्याच उंचीच्या असतात!

चरकसंहितेनें अतिस्थूल व अतिकृश या दोहोंसही निंद्य मानिलें; पण परीक्षा सांगितली ती निराळी. बांधा समप्रमाण असावा, इंद्रियें दृढ असावींत, भूक-तहान, ऊन-थंडी व श्रम सोसावे, अन्न नीट पचावें.

म्हणून आम्ही इतकेंच सुचवितों, कीं केवळ आंकड्यावरून घरांतील सुनेचा घांस मोजूं नये. आणि वृद्धांचें वजन विनाकारण उतरूं लागल्यास, तें सूत्रांत बसतें म्हणून समाधान न मानितां त्यांस डॉक्टरांकडे न्यावें.