पहिल्या वर्षाचा लाइनबॅकर मैदानात कधी उतरतो?

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की शनिवार हा कॉलेज फुटबॉलचा वार. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे ‘सॉकर’ म्हणतात. हा खेळ वेगळा. लांबट चेंडूचा, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून खेळायचा. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून अधिक माणसं बसतात, यावरून त्याच्या वेडाची कल्पना यावी. हंगामाच्या तोंडावर अशा प्रत्येक विद्यापीठाच्या गावात एक प्रश्न चघळला जातो. यंदा आलेली नवी मुलं, म्हणजे ‘फ्रेशमन’, खेळणार की बाकावर बसणार? यातल्या एकाच जागेबद्दल मी आज बोलणार आहे. ती जागा लाइनबॅकरची.

एकेकाळी या प्रश्नाला अर्थच नव्हता. १९७२ पूर्वी मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला सहसा परवानगीच नसे. ज्याच्या नावाने आज सर्वोत्कृष्ट लाइनबॅकरला पुरस्कार दिला जातो, तो डिक बटकस इलिनॉय विद्यापीठाकडून १९६२ ते १९६४ असे तीनच हंगाम खेळला. पहिलं वर्ष त्यालाही बाहेरच काढावं लागलं. १९७२ मध्ये नियम बदलला आणि दार उघडलं. पण दार उघडणं वेगळं आणि आत बसायला जागा मिळणं वेगळं.

लाइनबॅकर नावाप्रमाणे बचावाच्या पहिल्या रांगेच्या मागे उभा असतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला त्याने पाडायचं, चेंडू हवेतून फेकला तर मागे धावून जागा झाकायची आणि कधी थेट क्वार्टरबॅकवर चालून जायचं. तीन कामं, पण त्यातलं कोणतं करायचं हे ठरवायला मिळतो जेमतेम क्षणभर. कबड्डीत जाणता पकडवीर चढाईवाल्याच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याच्या पायांकडे पाहतो. तसा लाइनबॅकर समोरच्या ‘गार्ड’ या खेळाडूचं पहिलं पाऊल पाहतो. गार्ड पुढे आला तर समोरचा संघ धावणार, मागे सरकला तर चेंडू फेकणार, आडवा पळाला तर त्याच्या मागोमाग जायचं. हा ढोबळ नियम.

समोरचे प्रशिक्षक नेमका या नियमाचाच फायदा घेतात. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि नजर ठेवतो ती लाइनबॅकरवर. हा पुढे झेपावला की चेंडू त्याच्या पाठीमागे फेकायचा, हा जागीच थांबला की धावणाऱ्याला द्यायचा. कॉलेजच्या नियमात चेंडू फेकण्याआधी पुढच्या फळीतल्या खेळाडूंना तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं. व्यावसायिक खेळात ही सूट एकच यार्ड आहे. त्यामुळे कॉलेजात गार्ड पुढे येताना दिसतो आणि चेंडू मात्र डोक्यावरून निघून जातो. अठरा वर्षांच्या नवख्या मुलाला यात फसवणं सोपं. तो मैदानात आहे हे कळताच समोरचा संघ त्याला हेरून खेळतो.

त्यातच मधल्या लाइनबॅकरला स्वतःपुरतं पाहून भागत नाही. समोरची मांडणी बघून बाकीच्यांना ओरडून सांगायचं, जागा बदलायला लावायच्या, हेही त्याचंच काम. २०२४ पासून वरच्या गटातल्या संघांत बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येऊ लागला. पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. समोरचा संघ शेवटच्या क्षणी मांडणी बदलतो तेव्हा मुलगा पुन्हा एकटाच असतो.

दुसरी अडचण जागांची. पूर्वी तीन लाइनबॅकर सर्रास खेळत. अलीकडे मैदानभर पसरून, भराभर चेंडू फेकून खेळण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा तिसऱ्या लाइनबॅकरऐवजी बहुतेक वेळ एक चपळ, मागच्या फळीतला खेळाडू उतरवतात. म्हणजे राहिल्या दोन जागा आणि त्यांवर आधीच तिसऱ्या-चौथ्या वर्षातली, अंगाने भरलेली मुलं.

मग नवा मुलगा खेळतो कसा? मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट आकस्मिक रिकाम्या झालेल्या जागेची. २००९ मध्ये बोस्टन कॉलेजचा नामांकित लाइनबॅकर मार्क हर्झलिच याला हाडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि तो हंगाम त्याला गमवावा लागला. त्या वर्षी ल्यूक कीक्ली हा फ्रेशमन मैदानात आला आणि त्याने १३ सामन्यांत १५८ टॅकल केले. हर्झलिच बरा होऊन २०१० मध्ये परतला, तेव्हा दोघं एकाच संघातून खेळले. कीक्ली पुढे २०१३ मध्ये व्यावसायिक लीगमधला सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. गुण त्याच्यात होतेच. पण ते पहिल्याच वर्षी दिसले, कारण जागा होती.

दुसरी वाट सोप्या कामाची. २०२२ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या हॅरोल्ड पर्किन्सने फ्रेशमन असताना आर्कान्सासविरुद्ध एकाच सामन्यात चार वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं. संघ १३-१० असा जिंकला. त्याचं मुख्य काम होतं बाहेरच्या बाजूने थेट चालून जाण्याचं. पुढच्या वर्षी त्याला आत, वाचन करण्याच्या जागी आणून पाहिलं, तेव्हा ते तितकं जमलं नाही आणि हंगाम चालू असतानाच त्याला पुन्हा बाहेर हलवावं लागलं. मुलगा तोच, वेग तोच. जागा बदलली की परीक्षा बदलते.

तिसरी वाट साधी आणि बहुतेकांची. चेंडू लाथेने उडवला जातो त्या डावांसाठी वेगळी फळी उतरते, तिला ‘स्पेशल टीम’ म्हणतात. लांब धावायचं आणि जोरात धडकायचं असल्याने तरुण लाइनबॅकर तिथे हवेच असतात. जॉर्जियाचा रोक्वान स्मिथ २०१५ मध्ये फ्रेशमन म्हणून राखीवच होता, स्पेशल टीममधून धावत होता. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याने बटकस पुरस्कार मिळवला.

थांबण्याचीही एक रीत आहे. अनेक दशकं नियम असा होता की पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. एक वर्ष न खेळता सराव आणि अभ्यास करण्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. पूर्वी काही मिनिटं मैदानात उतरलं तरी हंगाम खर्ची पडे. २०१८ मध्ये चार सामन्यांपर्यंत खेळूनही वर्ष वाचवण्याची सोय झाली आणि प्रशिक्षकांना नवी मुलं थोडी थोडी चाखून पाहता येऊ लागली.

पण थांबण्याचा हिशोबही त्यानंतर बदलला. विद्यापीठ बदललं तर आधी एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा ही अट माफ झाली, २०२४ मध्ये अभ्यासात ठीक असणाऱ्यांना ती जवळपास उरलीच नाही. चौथ्या वर्षाचा लाइनबॅकर गेला की त्याची जागा आपल्याच फ्रेशमनला मिळेल, ही खात्री त्याबरोबर गेली. दुसरीकडून तयार खेळाडू आणता येतो. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघाचा आकार १०५ खेळाडूंवर बांधला गेला. एवढा पैसा ओतल्यावर धीर कोण धरणार?

यात खरी कुचंबणा होते ती मुलाची. गावच्या शाळेत तो सर्वांत मोठा आणि वेगवान. इथे समोर बावीस वर्षांचे, दीडशे किलोच्या आसपासचे गडी. घाईने उतरवला तर शरीर मोडण्याची भीती, न उतरवला तर आपण विसरले जाऊ ही भीती. आणि व्यावसायिक खेळापर्यंत पोचणारे थोडेच. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला येतात ते एवढेच तीन-चार हंगाम.

म्हणून एखाद्या मुलाला संधी मिळेल का, हे जोखताना मी त्याच्या नावापुढचे तारे मोजत नाही. त्याच्या जागेवर आधीचे किती जण आहेत आणि त्यांतले किती शेवटच्या वर्षात आहेत, हे पाहतो. तो शाळा लवकर संपवून जानेवारीतच विद्यापीठात आला का, हेही पाहतो, कारण मग वसंत ऋतूतला सगळा सराव त्याला मिळतो. सप्टेंबरमध्ये चेंडू उडवण्याच्या पहिल्या डावात तो धावताना दिसला, तर प्रशिक्षकाचा त्याच्यावर विश्वास बसू लागला असं समजावं. आणि ऑक्टोबरात, चेंडू सुटण्याआधी, तो स्वतःहून दुसऱ्यांना हाताने जागा दाखवू लागला, तर त्याचं बाकावरचं बसणं फार दिवस चालायचं नाही.