भिंतीतला वड कुंडीत : आपल्या हवेतलं बोन्साय



आमची शाळा अंकुशनगरची, म्हणजे साखर कारखान्याच्या परिसरातली. दिवाळी झाली की गळीत हंगाम सुरू होतो, ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि वर्गात नवीन मुलं येऊन बसतात. मार्चच्या आसपास पट्टा पडला की ती गावाकडे परततात. आजच्या लेखाचा विषय बोन्साय असला तरी त्यात ही मुलंही येणार आहेत.

बोन्साय म्हणजे काय?

बोन्साय हा जपानी शब्द. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. कला मूळची चीनमधली. तिथे तिला पेनजिंग म्हणतात. जपानने तिला आजचं रूप दिलं. मराठीत आपण वामनवृक्ष म्हणतो.

एक गैरसमज आधी दूर करू. बोन्साय ही बुटक्या झाडांची वेगळी जात नाही. मळ्याच्या बांधावरचा वड आणि कुंडीतला वड एकाच बियाणाचे असतात. आणि दुसरं म्हणजे झाडाला उपाशी ठेवून ते लहान राहत नाही. उपाशी झाड मरतं. बोन्सायला पाणी, खत, ऊन सगळं पुरेपूर द्यावं लागतं, उलट जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. ते लहान राहतं दोन गोष्टींमुळे : ठरावीक काळाने मुळांची छाटणी आणि वारंवार शेंड्यांची छाटणी.

शेंडा खुडल्यावर काय होतं, हे मुलांना तुळशीवर दाखवा. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की त्या कळ्या जाग्या होतात आणि झाड उंच जाण्याऐवजी डेरेदार होतं. परिसर अभ्यासाच्या तासिकेला याहून सोपा प्रयोग नाही.

आपलंच झाड का घ्यायचं?

पुस्तकातल्या चित्रांत पाइन, जुनिपर, मेपल अशी थंड प्रदेशातली झाडं दिसतात. त्यांना हिवाळ्यात थंडीची खरी विश्रांती लागते. आपल्याकडे ती मिळत नाही आणि मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. मग महागाचं रोप वर्ष-दोन वर्षांत वाळतं आणि माणूस म्हणतो, "माझ्या हाताला गुणच नाही." हाताचा दोष नसतो, निवडीचा असतो.

मजा अशी की अडचण दोन्हीकडे एकच आहे. जमिनीतल्या मुळांना भोवतालची माती सांभाळते, कुंडीतल्या मुळांना ते संरक्षण नसतं. थंड देशात कुंडीतली मुळं गोठतात म्हणून लोक कुंड्या वाळूत किंवा पेंढ्यात पुरून ठेवतात. आपल्याकडे कुंडी तापते आणि मुळं भाजतात. म्हणून उन्हाळ्यात कुंडी ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवायची आणि दुपारचं ऊन टाळायचं. शाळेत लिंबाची सावली असेल तर हिरव्या जाळीचीही गरज पडत नाही.

आपल्यासाठी उत्तम झाडं म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पिपरी. चिंचही छान होते. फक्त एक लक्षात ठेवा, छाटणीने पानं लहान होतात, फळं नाही. बोन्साय चिंचेला लागलेली चिंच नेहमीएवढीच मोठी असते.

रोप कुठून आणायचं?

विकत घेऊ नका. पाखरं वडा-पिंपळाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या, विहिरीच्या, पाण्याच्या टाकीच्या फटीत पडतं. तिथे उगवलेलं रोप वाढलं की भिंत फोडतं, म्हणून लोक ते तसंही उपटून टाकतात. तेच आपण घ्यायचं. जागामालकाला विचारून पावसाळ्यात काढायचं. ओढायचं नाही, फट ओली करून छन्नीने मोकळी करायची, म्हणजे मुळासकट निघतं. विहिरीच्या कडेला मुलांना नेऊ नका, ते काम मोठ्यांचं.

माझी पहिली चूक

माझा पहिला वड मीच मारला. हौसेने तो लगेच सुंदर उथळ तबकात लावला, शेतातली काळी माती भरली आणि खिडकीत ठेवला. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. घातलेलं पाणी कडेच्या भेगेतून निघून जायचं आणि मधला गोळा कोरडाच राहायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस गावाला गेले, परत आले तर पानं कुरकुरीत झाली होती.

त्यातून शिकलेली पद्धत अशी :

१) पहिली दोन-तीन वर्षं उथळ तबक नको. तळाला भोकं पाडलेला तेलाचा डबा किंवा जुनं घमेलं घ्या. खोड जाड व्हायचं असेल तर झाडाला आधी मोकळं वाढू द्यावं लागतं.

२) मिश्रणात विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत साधारण सारख्या प्रमाणात घ्या. आम्ही शेणखताऐवजी प्रेसमडचं पूर्ण कुजलेलं खतही वापरतो, कारखान्याजवळ ते सहज मिळतं. पाणी ओतल्यावर तळातून लगेच निथळलं पाहिजे.

३) दर दोन वर्षांनी, जून-जुलैत, रोप बाहेर काढून साधारण एक तृतीयांश मुळं छाटा आणि नवीन मिश्रणात लावा. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत. थंड देशात हेच काम वसंताच्या सुरुवातीला करतात. आपल्या वडा-पिंपळाला मात्र पावसाळ्याची उबदार, दमट हवा मानवते.

४) फांदी वळवायला ॲल्युमिनियमची तार वापरतात. वड लवकर जाड होतो, त्यामुळे तार सालीत रुतते. दर पंधरा दिवसांनी बघा आणि रुतायच्या आधी कापून काढा. मुलांसाठी सोपी युक्ती : फांदीला सुतळीने छोटा दगड टांगा. ती हळूहळू खाली झुकते.

५) पाणी घड्याळ बघून नाही, बोट घालून. बोटाचं एक पेर कोरडं लागलं की पाणी. उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही लागतं. बोन्साय घरात शोभेला ठेवायचं तर एक-दोन दिवस, बाकी त्याचं घर अंगणच.

सूचना : वडवर्गीय झाडांना कापल्यावर चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका. कात्री शिक्षकांच्याच हातात असू द्या आणि हात धुऊन घ्या.

"मॅडम, त्याला दुखत नसंल का?"

हा प्रश्न येतोच. आणि पालकसभेत एक आजोबा म्हणाले, "झाडाला असं खुरटवायचं आणि पोरांना काय शिकवायचं? वडाला वडासारखं वाढू द्या की."

मी मुलांना खरं तेच सांगितलं. झाडाला आपल्यासारखा मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. पण जखम झाली की ते ती भरून काढतं, म्हणजे छाटणीचा ताण त्याला असतोच. म्हणून आजारी झाडाला कात्री लावायची नाही आणि एकाच वेळी सगळं छाटायचं नाही.

मग एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे एक पांढरा पाइन होता, 1625 पासून कुंडीत जपलेला. 6 ऑगस्ट 1945 ला शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे घर स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होतं. कुंपणाच्या भिंतीआड असलेलं झाड वाचलं. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, म्हणजे ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला. त्यांचे नातू 2001 मध्ये वॉशिंग्टनला ते बघायला गेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना झाडाची ही कहाणी कळली. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रोज पाणी घातलं, म्हणून ते झाड टिकलं.

आजोबांचंही मला पटलं. म्हणून आम्ही नियम केला : भिंतीतून काढलेल्या रोपांपैकी निम्मी कुंडीत आणि निम्मी जमिनीत. मैदानाच्या कडेचा वड आजोबांनीच लावून दिला.

दोरा

जुलैमध्ये काढलेली रोपं मुलांत वाटली तेव्हा एक डबा उरला होता. दिवाळीनंतर तिसरीत आलेल्या ऊसतोडीच्या एका मुलीने तो मागून घेतला. वहीत उंची लिहिली, नऊ इंच. खोडाला दोरा गुंडाळून तो घेर जिथे पुरा झाला तिथे कापला आणि वहीच्या पानाला चिकटवला. मार्चमध्ये जाताना तिने एवढंच विचारलं, "मॅडम, आता पाणी कोण घालील?" वर्गाने पाळी लावली. मे महिन्याच्या सुट्टीत कारखाना वसाहतीतली दोन मुलं रोज संध्याकाळी येत होती.

पुढच्या हंगामात ती चौथीत आली. आल्या आल्या डब्याकडे गेली, फूटपट्टी लावली. नऊ इंच. तोंड उतरलं. "वाढलंच न्हाई की!"

मी जपून ठेवलेली तिची वही काढून दिली. तिने तो जुना दोरा सोडवला आणि खोडाभोवती धरला. दोन टोकं एकमेकांना पोचेनात. तिने तीनदा धरून पाहिलं, मग कात्री मागितली आणि नवा दोरा कापायला बसली.

तुमच्या शाळेच्या भिंतीवर असं एखादं रोप असेलच. या पावसाळ्यात ते फेकून देऊ नका.