भुशीच्या पायऱ्या आणि संगणकातील चित्रे

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी केलेला एक लहानसा प्रयोग मात्र तितका परिचित नाही. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाचे ठरावीक वेळाने एकेक चित्र त्यांनी घेतले. ती चित्रे ओळीने पडद्यावर दाखविताच कित्येक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत क्षणांत होऊ लागली. ॲनिमेशनचे सारे शास्त्र येथे बीजरूपाने आहे. प्रत्येक चित्र स्थिरच असते. ती भराभर पाहिली म्हणजे आपल्याला गती भासते.

आज हे काम संगणकावर होते आणि ते शिकविणारे वर्ग शहरोशहरी निघाले आहेत. मुलगा किंवा मुलगी हा विषय घेऊ म्हणते, तेव्हा आईवडील विचारतात, ‘यात शिकायचे तरी काय?’ प्रश्न रास्त आहे, कारण फी थोडी नसते. त्याचे उत्तर आपण लोणावळ्याजवळच्या भुशी धरणावर शोधू. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले हे धरण आता पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच पायऱ्या संगणकात उभ्या करावयाच्या आहेत, असे समजा.

संगणकाला पायरी दिसत नाही. त्याला अंक कळतात. एक आरंभबिंदू धरून लांबी, रुंदी आणि उंची या तीन अंकांनी तो प्रत्येक बिंदूची जागा ओळखतो. साध्या ठोकळ्याला ८ कोपरे, १२ कडा आणि ६ पृष्ठे असतात. असा ठोकळा लांब व बसका केला की पायरी झाली. तिच्या प्रती मागे व वर सरकवीत गेले की जिना झाला. हे तासाभरात येते, आणि पुष्कळ विद्यार्थी येथेच खूष होतात.

पण तो जिना भुशीचा वाटत नाही. खऱ्या दगडाची कड झिजलेली असते. कोठे शेवाळ, कोठे डाग. ओला दगड कोरड्याहून गडद दिसतो व त्यावर उजेड चमकतो. पावसाळी आभाळाखाली सावल्या पुसट पडतात, उन्हात त्या रेखीव होतात. पृष्ठाला पोत देणे, प्रकाश योजणे आणि कॅमेऱ्याची जागा ठरविणे हे तीन धडे येथून सुरू होतात. यांपैकी कोणतीही गोष्ट यंत्र आपण होऊन सुचवीत नाही. ती आधी पाहिलेली असावी लागते.

यानंतर गती. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे लागतात. म्हणजे मिनिटाला १,४४०. एका चित्राला संगणकाने पाच मिनिटे घेतली, तर एका मिनिटाच्या चित्रपटाला पाच अहोरात्र लागतील. सगळी चित्रे हाताने काढावी लागत नाहीत. मोक्याच्या जागा आपण ठरवितो, मधल्या संगणक भरतो. परंतु तो सांगितल्याप्रमाणेच भरतो. वरून सोडलेला चेंडू पहिल्या १२ चित्रांत सुमारे सव्वा मीटर पडतो आणि पुढच्या १२ चित्रांत सुमारे पावणेचार मीटर. नवशिका दोन्ही वेळा सारखेच अंतर देतो. मग चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. म्हणून चेंडूचा धडा आधी. पाण्याचा बराच नंतर, कारण तेथे असंख्य थेंबांचे पडणे, आपटणे व उडणे एकदम सांभाळावे लागते.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ‘ब्लेंडर’ हे संपूर्ण साधन विनामूल्य मिळते. ‘फ्लो’ हा लॅटव्हियातील दिग्दर्शकाचा चित्रपट त्याच्याच साह्याने तयार झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. चांगला संगणक लागतो, हे खरे. पण पहिले धडे साध्या संगणकावरही गिरविता येतात.

कोणी म्हणेल, आता चार शब्दांत वर्णन केले तरी संगणक चित्र काढून देतो. मग ही खटपट कशाला? आमचे उत्तर असे, की त्या चित्रातील सावली उलट पडली आहे किंवा पाणी चढणीवर वाहते आहे, हे ओळखणारे कोणी तरी हवेच. ज्याने एक पायरी स्वतः घडविली आहे, त्याला ते चटकन दिसते. इतरांना काही तरी चुकल्यासारखे वाटते, पण काय ते सांगता येत नाही.

म्हणून वर्ग निवडताना पालकांनी तेथील संगणक मोजू नयेत. मुलांना चित्रकला, थोडी भूमिती व निरीक्षण शिकवितात की नाही, हे विचारावे. आणि मुलांनी येत्या पावसाळ्यात वही घेऊन, प्रवाहापासून दूर सुरक्षित जागी बसून, पाणी पायरीवरून पायरीवर कसे उतरते ते तासभर पाहावे. या विद्येचा पहिला तास तोच, आणि त्याला फी पडत नाही.