मनोरुग्ण व मतिमंद व्यक्तींविषयीचे कायदे

मनोविकाराने ग्रस्त झालेल्या व्यक्तींचे उपचार व रक्षण, तसेच बौद्धिक विकास अपूर्ण राहिलेल्या व्यक्तींची देखभाल यांचे नियमन करणारे कायदे. मनोविकार हा आजार असून तो उपचारांनी बहुधा आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता (जुन्या परिभाषेत मतिमंदत्व) ही जन्मतः वा बालपणी उद्भवणारी व आयुष्यभर टिकणारी अवस्था होय. पहिल्या बाबतीत मुख्य प्रश्न उपचारांचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा, तर दुसऱ्या बाबतीत शिक्षण, निवास व पालकत्व यांचा असतो. हा भेद भारतीय कायद्यात सावकाश रुजला. त्याचे व्यावहारिक परिणाम वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मनोरुग्णांविषयीचे पहिले व्यापक अधिनियम १८५८ मध्ये झाले. त्यांची जागा १९१२ च्या भारतीय अधिनियमाने घेतली. त्यात ‘वेडा’ या एकाच व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी असलेली व्यक्ती आणि बुद्धिभ्रंश झालेली व्यक्ती या दोघांचाही समावेश होता. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने अशा व्यक्तीस आश्रयगृहात ठेवता येई. उपचारांपेक्षा बंदिस्तीवरच भर असे. वऱ्हाडची स्थिती वेगळी होती. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला, तरी त्यावरील सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते अधिसूचनेद्वारे लागू करावे लागत. ही विसंगती दूर करण्यासाठी १९४१ मध्ये वऱ्हाडविषयक स्वतंत्र अधिनियम करण्यात आला.

संविधानानुसार मनोविकार व मनोदौर्बल्य हे विषय समवर्ती सूचीत, तर सार्वजनिक आरोग्य आणि अपंगांना साहाय्य हे राज्यसूचीत आहेत. म्हणून मूळ अधिनियम संसदेचे असले, तरी रुग्णालये, बालगृहे व मंडळे यांची उभारणी राज्यशासनाकडे येते. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (अंमल १९९३) मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले. मात्र वगळलेल्यांसाठी पर्यायी तरतूद पुढे १९९५ व १९९९ च्या अधिनियमांनी झाली.

मनोरुग्णांविषयीची तरतूद : २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम (अंमल २०१८) शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा व्यक्तीचा हक्क मानतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे प्रौढ व्यक्ती आगाऊ लिहून ठेवू शकते व प्रतिनिधी नेमू शकते. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसल्यास प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येते. अशा दाखल्याची माहिती पुनर्विलोकन मंडळास ७ दिवसांत, स्त्रिया व अल्पवयीन यांच्या बाबतीत ३ दिवसांत, द्यावी लागते. ३० दिवसांपुढील मुक्कामास मंडळाची अनुमती आवश्यक असते. रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे व मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखालीही गुन्हा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा अधिनियम गृहीत धरतो. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या वऱ्हाडात या तरतुदीस विशेष महत्त्व आहे.

हक्काचे मोल मात्र सेवा किती जवळ आहे यावर ठरते. विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूर येथे आहे (स्थापना १८६४). ते अमरावतीपासून सु. १५० किमी. व अकोल्यापासून सु. २५० किमी. दूर असल्याने नियमित औषधोपचारासाठी तेथे जाणे गरीब कुटुंबास परवडत नाही. उपचार गावाजवळ आणल्यास काय घडते, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमावरून दिसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांसाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्यशासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही अमरावती व अकोला हे जिल्हे होते.

बौद्धिक दिव्यांगांविषयीची तरतूद : १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांचा समावेश आहे. या अधिनियमानुसार जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक समिती प्रौढ दिव्यांगासाठी पालक नेमू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. त्यात सर्वाधिकारी पालकाऐवजी मर्यादित पालकत्वाचे तत्त्व स्वीकारलेले असून असा पालक त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घेतो.

तथापि बेवारस बालकांच्या बाबतीत एक पोकळी उरते. बालन्यायविषयक २०१५ च्या अधिनियमाप्रमाणे बालक म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. संस्था सोडल्यानंतरचे साहाय्य साधारणतः २१ वर्षांपर्यंतच मिळते. बौद्धिक अक्षमता मात्र वयाबरोबर संपत नाही आणि ज्याला घर नाही त्याला परत पाठविण्यास ठिकाण नसते. अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी चालविलेल्या अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर, बेवारस बालगृहाने हा प्रश्न प्रत्यक्ष आचरणातून मांडला. तेथील मुलांना त्यांनी पिता म्हणून आपले नाव दिले आणि ती सज्ञान झाल्यावरही त्यांना संस्थेत ठेवून घेतले. अशा मुलांना १८ वर्षांनंतरही संस्थेत राहू देणारा कायदा व्हावा, अशी मागणी त्यांनी दीर्घकाळ लावून धरली. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

असे आजीवन संगोपन संस्थाचालकाच्या इच्छेवर अवलंबून राहिल्यास त्याच्या पश्चात निवासितांचे भवितव्य अनिश्चित होते. तसेच प्रौढांना कायमचे एका संस्थेत ठेवल्याने समाजापासून ती तुटण्याचाही धोका असतो. कुटुंब नाही एवढ्याच कारणाने कोणासही मनोरुग्णालयात ठेवू नये, असे २०१७ चा अधिनियम सांगतो व समूहगृहे उभारण्याचे दायित्व शासनावर टाकतो. राष्ट्रीय न्यासाने प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ योजना आखली, ती याच दिशेने. बरा झालेला निराधार रुग्ण आणि १८ वर्षांचा झालेला बेवारस दिव्यांग या दोघांचीही मूळ गरज एकच आहे : जिल्ह्यातच असलेले, देखरेखीखालील पण बंदिस्त नसलेले घर. दोन अवस्थांचा भेद कायद्याने योग्य रीत्या ओळखला. ही समान गरज भागविणे हे राज्याच्या अंमलबजावणीचे काम आहे.