रंग नको, रबर बघा

उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला, की जामनेरमधल्या रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे सबमर्सिबल मोटरी आडव्या पडलेल्या दिसतात. काही दुरुस्तीला आलेल्या असतात, तर काही विकायला. बागायती कपाशीची लागवड तोंडावर, नवी मोटर परवडत नाही. मग शेतकरी जुनीकडे वळतो. आप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या अशाच एका खरेदीच्या वेळी मी दुकानाच्या मिस्तरींशेजारी बसून होतो.

विकणाऱ्याने मोटरीला ताजा रंग मारला होता. मिस्तरींनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी शाफ्ट हाताने फिरवला. तो सलग फिरला तर बुश ठीक. बाजूला हलला तर झिजलेली. मग शाफ्ट वर-खाली करून पाहिला. खेळ जास्त असेल तर खालचं थ्रस्ट बेअरिंग गेलं समजायचं. पंपाचा सगळा रेटा तेच पेलतं.

“आप्पा, आता हिच्या पोटातलं पाणी पाहू,” म्हणत त्यांनी वरचा बोल्ट खोलून मोटर तिरपी केली. या मोटरीत मुळातच स्वच्छ पाणी भरलेलं असतं. ते बेअरिंगला वंगण आणि वाइंडिंगला थंडावा देतं. म्हणून तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं. आतून गाळ आला, तर बोअरचं पाणी सील ओलांडून शिरलं आहे.

खरी परीक्षा तळाच्या रबरी डायफ्रामची. मोटर तापली की आतलं पाणी फुगतं, थंडावली की आकसतं. डायफ्राम तेवढी जागा करून देतो. पाण्याखाली ३० मीटरवर बाहेरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३ किलोने वाढतो. डायफ्राम तो दाब आत पोहोचवतो, म्हणून सीलवर ताण येत नाही. रबर कडक झालं, की थंडावताना मोटर सीलमधूनच बाहेरचा गाळ ओढून घेते.

समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या श्वासाच्या सीलबंद रेग्युलेटरमध्येही हेच तत्त्व आहे. हवेच्या टाकीतला सुमारे २०० बार दाब उतरवणाऱ्या पहिल्या टप्प्यावर एक जादा रबरी पडदा असतो. खोलीचा दाब तो आत पोहोचवतो, पण खारं पाणी आणि वाळू स्प्रिंगला लागू देत नाही. तारकर्लीसारख्या ठिकाणी वापरायला कुणी जुना रेग्युलेटर घेतला, तर हा पडदा पाहावा आणि किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च धरावा. तिथे प्रश्न श्वासाचा असतो. तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करायची.

इकडे मिस्तरींनी मोटर पाण्यात बुडवून ५०० व्होल्टचा मेगर लावला. वाइंडिंगचं इन्सुलेशन चांगलं निघालं. विकणाऱ्याने लगेच मोटरीला पंप जोडला आणि ती हौदात चालवून पाण्याची जाड धार दाखवली. आप्पा खूश झाले.

“धार पाहून भुलू नका,” मिस्तरी म्हणाले. हौदात पाणी वर चढवायचंच नसतं, त्यामुळे पंपातले झिजलेले इंपेलरही तिथे भरपूर पाणी फेकतात. त्यांनी पाइपला प्रेशर गेज लावून वॉल्व्ह काही क्षण बंद करायला लावला. गेजवरच्या प्रत्येक किलोला साधारण १० मीटर उंची धरायची आणि तो आकडा पंपाच्या पाटीवरच्या कमाल हेडशी, म्हणजे पाणी चढवण्याच्या उंचीशी, ताडून पाहायचा. फार कमी भरला, तर इंपेलर संपले.

विकणारा वॉल्व्ह बंद करू देत नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा. करू दिला, तरी भाव ठरवताना नवा डायफ्राम, सील आणि बुशांचे पैसे आधी वजा करावेत.