मागाहून बांधलेला कठडा

असोद्याच्या शिवारांत वहिवाटीच्या वाटेलगत एक बिनकठड्याची विहीर आहे, अशी कल्पना करावी. काळोखांत एक वाटसरू तींत पडून जायबंदी होतो. आठ दिवसांत मालक गवंडी लावून कठडा बांधून घेतो. पुढें जळगांवच्या दिवाणी न्यायालयांत नुकसानभरपाईचा दावा चालतो आणि वादीचा वकील म्हणतो, "हा कठडा हीच चुकीची कबुली!"

युक्तिवाद ऐकावयास गोड, पण फसवा. १८६९ सालीं इंग्लंडांत हार्ट नामक वादीनें लँकेशायर-यॉर्कशायर रेल्वेवर आणलेल्या दाव्यांत हाच प्रश्न निघाला. अपघातानंतर कंपनीनें रुळांच्या सांध्यांची व्यवस्था बदलली होती. मागाहून सुचलेलें शहाणपण हा आधींच्या हयगयीचा पुरावा नव्हे, असा न्यायाधीश ब्रॅमवेल यांचा अभिप्राय पडला. हयगय मोजावयाची ती अपघातापूर्वींच्या स्थितीवरून : वाट किती वाहती होती, पूर्वीं कोणी पडलें होतें काय.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९७५ पासून तसा लेखी नियमच आहे. दुरुस्ती अंगावर येणार असेल, तर धूर्त मालक निकाल लागेपर्यंत विहीर उघडीच ठेवील, आणि तोंवर दुसराहि कोणी तींत पडावयाचा !

भारताच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत असा स्वतंत्र नियम नव्हता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि नाहीं. उलट, वादविषयाशीं निगडित असलेलें पक्षकाराचें नंतरचें वर्तन दोन्हींत संबद्ध मानलें आहे. तेव्हां कठड्याची गोष्ट न्यायालयापुढें येऊं शकते. तिला वजन किती द्यावें, हा न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग. मात्र "विहीर माझी नव्हेच" असें मालक म्हणूं लागला, तर गवंड्याची मजुरी कोणीं चुकविली, या प्रश्नाला त्यास उत्तर द्यावेंच लागेल.